सुआनच्या टाकीतली जोडी

कोय थियाम हॉकने जन्मभर डिस्कस मासे वाढवले आणि जन्मभर एकच हेका धरला. टाकीत झाड नको. वाळू नको, दगड नको, हिरवं पान तर नकोच नको. काच, पाणी आणि मासा, बस्स. बालिक पुलाऊ गावात जायफळाच्या बागांमागे त्याची शेड होती. तिथे उघड्याबोडक्या टाक्या ओळीनं मांडलेल्या आणि त्यांत ताटलीसारखे गोल, चपटे मासे, लाल, निळे, पिवळेधमक. लांबलांबून गिऱ्हाइकं यायची. हॉक कुणाशी दोन शब्द गोड बोलेल तर शपथ. मासा घ्यायचा तर घ्या, नाहीतर वाटेला लागा, असा सगळा कारभार.

आणि अशा माणसाच्या घरात, ऐन बैठकीच्या खोलीत, झाडांनी गच्च भरलेली टाकी! ती त्याच्या बायकोची, गैक सुआनची. लग्न होऊन आली आणि शेड बघून म्हणाली, मासे पाळलेत की तुरुंगात टाकलेत? त्यावर हॉकने तिला ऐकवलं की झाडांतला मासा बघायला छान, वाढवायला नाही. झालं. तिनं ते मनावरच घेतलं.

तसं हॉकचं चुकत नव्हतं. डिस्कसला पाणी चांगलं कोमट लागतं आणि त्या पाण्यात निम्मी झाडं शिजून कुजतात. पान कुजलं की पाणी नासलं, पाणी नासलं की मासा काळा पडून कोपरा धरतो. सुआनची झाडं सडली, मासेही गेले, ती रडली आणि पुन्हा लावली. शेवटी रुंद, लांबट पानांची एक जात तिला सापडली, ती त्या ऊबेत तग धरायची. रोज सकाळी चहाआधी ती नळीनं तळातली घाण ओढून काढी, पिवळं पान दिसलं की कापून टाकी आणि पिंपात मुरवलेलं पाणी हळूहळू आत सोडी. ती गुआनयिन देवीची भक्त, गोमांस शिवायची नाही. हॉक शेडमधल्या माशांना बैलाचं काळीज कुटून घालायचा, ते तिनं घराच्या उंबऱ्याआत कधी येऊ दिलं नाही. आपल्या माशांना ती कोळंबी, लसूण आणि पालक वाटून द्यायची. तिचे मासे त्याच्या माशांपेक्षा देखणे निघाले. हॉकने हे मरेपर्यंत कबूल केलं नसतं, पण आलेल्या गिऱ्हाइकाला काहीतरी निमित्त काढून बैठकीच्या खोलीतून न्यायचा हं!

त्या टाकीत शेवटी शेवटी एकच जोडी होती, विटकरी रंगाची. एका रुंद पानावर मादी अंडी घालायची. त्याआधी दोघं मिळून ते पान तोंडानं घासून पुसून लख्ख करायची. पण दरवेळी अंडी खाऊन टाकायची. हॉक म्हणायचा, माझ्याकडे दे, शेडमध्ये अंडी घालायला मातीचं भांडं ठेवतो, महिन्याभरात पिल्लं दाखवतो. सुआन ऐकायची नाही. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा चीक खाऊन वाढतात. ते तिला आपल्या झाडांमध्ये बघायचं होतं. सुआन आणि हॉकला मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण टाकीसमोरची तिची वेताची खुर्ची कुणी हलवलेली तिला चालायची नाही.

मग तिच्या छातीचं दुखणं निघालं. जरा धूर लागला की खोकून खोकून जीव नकोसा व्हायचा. देवीसमोरची उदबत्ती हॉकने उचलून फाटकाबाहेर नेली. शेजारणी कुजबुजल्या. सुआन हसून म्हणाली, देवीलाही जरा मोकळी हवा. पुढं पुढं तिच्यानं बादलीही उचलेना. ती खुर्चीत बसून सांगायची आणि हॉक मुकाट्यानं टाकीत हात घालायचा. पान असं नको कापूस, देठापासून काप. पाणी अंगावर नको ओतूस, काचेवरून सोड. शेडमधल्या कामगारांवर डाफरणारा हा माणूस तिच्यापुढं शाळकरी पोर व्हायचा.

इस्पितळात न्यायच्या सकाळी तिनं त्याचा हात धरला.

"जोडी शेडमध्ये नेऊ नकोस," ती म्हणाली. "इथंच ठेव. आणि जगव."

त्यानं नुसती मान हलवली. ती परत आली ती शवपेटीतच.

सुआनची धाकटी बहीण पोह तैपिंगहून आली आणि तिनं घर हातात घेतलं. हॉकला कशाचं भानच कुठं होतं! दर सातव्या दिवशी पूजा, अशा सात पूजा व्हायच्या, आणि तोवर घरातली उदबत्ती विझू द्यायची नाही. त्या वासावर जिवाला घराची वाट सापडते, असं त्यांच्याकडे सगळेच मानतात. तसबिरीचं टेबल कुठं मांडायचं असा प्रश्न आला तेव्हा हॉक पहिल्यांदाच बोलला. टाकीला लागून मांडा, तिला मासे दिसू देत. मग तिथंच तसबीर आली, फळं आली, राखेचं भांडं आलं आणि गोल वेटोळ्यांच्या दिवसभर जळणाऱ्या उदबत्त्या आल्या. टेबलाखालच्या फळीवर टाकीचा हवेचा पंप घुरघुरत होता. खोलीतली हवा ओढायची आणि पाण्यात सोडायची, एवढंच त्याचं काम.

आता बघा, हाच हॉक! डेंग्यूचा धूर मारणारी गाडी गल्लीत शिरली की सगळ्यांत आधी पळायचा. शेडमधले पंप बंद, घरातला बंद, वर रस्त्यावर उभा राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावानं ओरडायचा की पंप बंद करा रे, मासे मारायचेत का? आणि त्याच्या नाकासमोर पाण्यात धूर चालला होता, तर त्याला दिसलं नाही.

जोडी काळी पडू लागली. आधी शेपटीकडून, मग सगळं अंग चुलीवरच्या तव्यासारखं. दोघं पानांमागे तोंड घालून उभी राहायची. कोळंबी टाकली तरी बघायची नाहीत. हॉकने पाणी तपासलं, ऊब तपासली, सगळं जागच्या जागी. पूजेला आलेल्या बायका टाकीपाशी थबकायच्या आणि डोळे टिपायच्या. मालकिणीचं सुतक पाळतायत बिचारे, म्हणायच्या. पोहही तेच म्हणाली.

शेडमध्ये कुणी असलं काही बोललं असतं तर हॉकने त्याला हाकलून दिलं असतं. मासा काळा पडला म्हणजे त्याला काहीतरी होतंय, हे तो नोकरीवर आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवायचा. पण यावेळी त्यानं ऐकून घेतलं. त्याला बरं वाटलं. घरभर माणसं होती, कुणी भात शिजवत होतं, कुणी पूजेत जाळायच्या कागदी नोटांच्या घड्या घालत होतं, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिच्यासाठी खरोखर सुकणारे आपण तिघंच आहोत असं त्याला वाटलं. सुआनच्या खुर्चीत बसून तो त्यांच्याकडे बघत राही. त्यांनी खाल्लं नाही की त्यालाही पेज जायची नाही.

एका दुपारी गल्लीत धुराच्या गाडीची घरघर ऐकू आली. हॉक सवयीनं उठला, टेबलाखाली हात घालून पंपाचं बटण बंद केलं. हात बाहेर काढला तर बोटं चिकट, काळी. त्यानं पंप ओढून काढला. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी पांढऱ्या स्पंजचा तुकडा असतो, तो डांबरासारखा झाला होता. त्यानं तो नाकाशी नेला. चंदनाचा वास आला.

 गाडी दारावरून निघून गेली तरी तो तिथंच गुडघ्यांवर बसून होता. मग उठला, जळती वेटोळी दोन्ही हातांनी उचलली आणि चटके सोसत फाटकाबाहेर नेऊन ठेवली.

पोह स्वयंपाकघरातून धावत आली. "चेहू, हे काय करताय? पूजा पुऱ्या झाल्या नाहीत अजून. ताईला घर कसं सापडेल?" बहिणीचा नवरा म्हणून ती त्याला चेहू म्हणायची.

"धूर असला की ती बाहेर जाऊन बसायची, पोह," हॉक म्हणाला. "खोकायची. तुला माहीत नाही? आणि गेल्यावर आपण तिच्या तोंडासमोरच..."

 पोह तसबिरीकडे बघत उभी राहिली. मग तिनं राखेचं भांडं उचललं आणि तीही बाहेर गेली.

हॉकने पिंपातलं पाणी काढलं, निम्मी टाकी बदलली, पुन्हा बदलली. काचेवरून हळूहळू, तिनं शिकवलं तसं. शेडमधून नवा पंप आणून तो खिडकीबाहेरची हवा घेईल असा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर पानांमागून जरा पुढं आला होता. मादी तळाशी, मुळांत आडवी झाली होती. हॉकने तिला तळहातावर घेतलं. मेल्यावर तिचा रंग परत येत होता.

"मी मारली," तो म्हणाला. "तिनं जगव म्हणून सांगितलं आणि मी मारली."

सातव्या पूजेला घरात धूर नव्हता. तसबिरीसमोर सुआनच्या आवडीची लसणीची कोळंबी होती, पेज होती, कोपी, म्हणजे त्यांची काळी कॉफी, होती. उदबत्ती फाटकाशी. नराच्या अंगावर पुन्हा विटकरी रंग चढला होता. तो त्या रुंद पानापाशी उभा राहून तोंडानं ते घासत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत.

पोह बराच वेळ बघत होती. "मादीसाठी पुसतोय हो," ती हळूच म्हणाली. "किती दुःख करतोय!"

"मासा दुःख करत नाही, पोह. पान पुसणं त्याच्या अंगातच असतं." हॉक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. "मला जन्मभर माहीत होतं ते. त्या दिवसांत फक्त वाटलं, माझ्याबरोबर आणखी कुणीतरी दुःख करावं."

मग त्यानं नळी उचलली, बादली ओढली आणि टाकीच्या तळातली घाण काढायला खाली बसला. नर पान पुसतच होता.