आबांसाठी समुद्राच्या तळाचा एक फोटो

लक्षद्वीपला जायचं ठरलं ते आबांमुळे, आणि आबांनी तर उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आबा म्हणजे माझे वडील, रावेरकडचे केळीवाले. आसपासच्या गावांत कुणाची कळशी, बादली, नाहीतर पंपाचा एखादा भाग विहिरीत पडला की आबांना बोलावणं यायचं. दम धरून तळ गाठायचा, चाचपून वस्तू वर आणायची. १९९५च्या सुमारास त्यांचं कानाचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायची कायमची बंदी घातली. त्याच सुमारास आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना मासिकातला समुद्राच्या तळाचा रंगीत फोटो दाखवला. ह्यांचा जळगावात पिंप्राळ्याला फोटो स्टुडिओ, त्यामुळे असली मासिकं घरात कायम पडलेली असायची.

आबांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. मग मला म्हणाले, "मी जन्मभर तळाले गेलो, पन तळ कधी पाह्यला नाही. तिथी अंधारच ऱ्हायतो. आपलं मानूस तिथी कसं दिसतं, ते मले एकदा पाहू दे."

झालं. आबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता मी समुद्राच्या तळाशी आणि समोर ह्यांचा कॅमेरा, असा एक फोटो आणायचाच होता. अडचण एवढीच की पोहता येत होतं मला आणि फोटो काढता येत होता ह्यांना.

मग ह्यांचं शिक्षण आबांच्या विहिरीवर सुरू झालं. मी सहा वर्षांची असताना आबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला सरळ ढकललं होतं. जावयाला कोण ढकलणार? आबा पायरीवर उभे राहून म्हणायचे, "बापू, जमत असंल तर जरासे पाय हालवता का?" ह्यांना काही ते जमत नसे. तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी मी आबांना चहाला घरी पाठवलं आणि सूत्रं हाती घेतली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, लाडीगोडी मला जमत नाही. महिन्याभरात हे विहिरीला आडवे दोन फेरे मारायला लागले.

तुम्ही जाणार असाल तर बेटावर जायच्या परवान्याची तयारी दोन महिने आधी करा. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. आमचा हवालदार म्हणाला, "बाई, पाण्याखाली तुमचं चारित्र्य कोण बघणार?" पण दिला बिचाऱ्याने. पाण्यातला कॅमेरा मुंबईत भाड्याने मिळाला. त्याच्या झाकणात एक रबरी कडी असते. तिच्यावर एक केस जरी अडकला तरी पाणी आत शिरतं आणि कॅमेऱ्याचं मातेरं होतं. रोल छत्तीस फोटोंचा, आणि पाण्याखाली बदलता येत नाही.

जळगावहून मुंबई, गाडी बदलून कोची, तिथून बोट. तीन दिवस दशम्या, लसणाची चटणी आणि केळीचे वेफर्स. बोटीवर मी ओकून ओकून अर्धी झाले. हे मात्र डेकवर उभे राहून दशमी खात होते. मला इतका राग आला की विचारू नका.

बेट मात्र सुंदर. पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची नखं मोजावीत. तिथले शिकवणारे भाई आधी उथळ पाण्यात परीक्षा घेत. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी. नियम एकच: श्वास रोखायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते आणि दम धरला तर फुप्फुस फाटू शकतं.

हे पहिल्याच खेपेला पास. आणि मी नापास. पाणी डोक्यावरून गेलं की माझी छाती आपोआप बंद व्हायची. आबांची तीस वर्षांपूर्वीची शिकवण ती, मी विसरू म्हटलं तरी कशी विसरणार? चार खेपा केल्या. भाई हळूच म्हणाले, "मॅडम, साहब को ले जाऊँगा, आपको नहीं."

दुपारी मी नारळाखाली तोंड फिरवून बसले. मला रडू येत होतं. ह्यांच्या फोटोत तळ दिसला असता, मासे दिसले असते, पण आबांनी मासे कुठे मागितले होते?

हे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "वर्गात तू पाढे म्हणून घेतेस तेव्हा दम धरतेस का?"

"पाढे म्हणताना दम कसा धरणार?"

"मग खाली पाढे म्हण. मनात नको, नळीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळीत एकोणिसाचा पाढा सुरू केला. तोंडातून नुसतं घूंघूं, पण बुडबुडे सुटत राहिले. भाईंनी तीनदा वरखाली करून बघितलं आणि होकारार्थी मान हलवली.

चार पुरुष, म्हणजे पंचवीसेक फूट खोल तळ, पांढरी वाळू, आणि उजेड. मला तळाशी उजेडाची सवयच नव्हती. पोवळ्यांतून पिवळे मासे माझ्या बांगड्यांना येऊन तोंड लावत होते. भाईंनी एका हाताने ह्यांचा पट्टा धरला होता, आणि हे मांडवात नवरा-नवरीला सांगतात तसं मला हातानेच "जरा डावीकडे" सांगत होते. अशा वेळी हसू येतं आणि चष्म्यात पाणी शिरतं, तेवढं सांभाळा.

घरी येऊन ह्यांनी रोल धुतला. छत्तीसातले बरेचसे नुसते निळे. एक चांगला आला. मी वाळूवर गुडघे टेकून बसलेय, वर बुडबुड्यांची माळ, काचेमागे डोळे.

तो मोठा करून आम्ही रावेरकडे गेलो. आबांनी ओट्यावर, उजेडाकडे धरून पाहिला. वाळू, मासे, बुडबुडे यांबद्दल ते काहीतरी विचारतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी फोटोतल्या माझ्या डोळ्यांवर बोट ठेवलं.

"भ्याली होती तू."

"हो, आबा."

ज्यांना सगळं गाव बिनधास्त म्हणायचं, ते माझे वडील. मग फोटो मांडीवर ठेवून म्हणाले, "मले बी भेव वाटे. दर खेपेले. तिथी कोनाले दिसत नव्हतं म्हनून बरं."

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बेटाचं नाव सांगा, खर्च सांगा, कॅमेरा कुठला ते सांगा, असं लोक विचारतात, आणि मी सांगते. पण त्या सगळ्या प्रवासातून मी घरी काय आणलं असं कुणी विचारलं, तर माझे वडील भीत होते आणि तरी दर वेळी उतरत होते, एवढंच.