झेंड्यांचं पोतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — ते मलाच नीट ठाऊक नाही.

नोकरीमुळे आम्ही नागपूरहून झाशीला आलो आणि इथलेच झालो. कॉलनीच्या समितीचा मी सचिव. पंधरा ऑगस्टला घरोघरी तिरंगा लागला की नाही हे बघायचं काम माझं. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या वर्षी प्रत्येक गच्चीवर झेंडा लावून घेतला. भाषणात सांगितलं, त्याचा मान राखा, जमिनीला टेकू देऊ नका. टाळ्या पडल्या.

पुढे पंधरा दिवस ते झेंडे कुणी उतरवलेच नाहीत. पावसाने पार चिंध्या झाल्या. फाटलेला झेंडा चारचौघांपासून दूर, मानाने जाळायचा असतो. मला माहीत होतं. पण रविवार होता, कंटाळा आला — हो, नुसता कंटाळा. सगळे उतरवून पोत्यात कोंबले आणि कचऱ्याची गाडी ढकलत आलेल्या रामकलीला म्हटलं, "यह भी ले जाओ।"

कॉलनीच्या फाटकापाशी पोतं फुटलं.

लोक जमले, मोबाइल निघाले. कुणी तिला देशद्रोही म्हणालं, कुणी तिची गाडी उलथवली. आरडाओरडा ऐकून मी खाली गेलो. मला पाहिलं आणि तिचा चेहरा — कसं सांगू — एकदम सैल झाला. आता सुटले, असं वाटलं असेल तिला. म्हणाली, "साब से पूछ लो, साब ने दओ जो बोरा।" पोतं मीच दिलं, असं.

सगळे माझ्याकडे वळले.

"मैंने नहीं दिया," मी म्हणालो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर? पण कुणीतरी घोषणा दिली, कुणीतरी माझ्या हातात नवा कोरा झेंडा दिला आणि मी तो हलवायला लागलो. सगळ्यांपेक्षा उंच, सगळ्यांपेक्षा जोरात ओरडत. तो हातात असेपर्यंत मला कुणी काही विचारणार नव्हतं — त्या क्षणी मला एवढंच कळत होतं. रामकली खाली बसून एकेक चिंधी उचलत होती, पदराने चिखल पुसून घडी घालत होती. आमच्यापैकी कुणाला ते सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीने तिला कामावरून काढलं. पत्रावर सचिवाची सही लागते. मी केली.

गेल्या हिवाळ्यात झाशीजवळच्या बिजौलीला गेलो होतो. एका कारखान्याच्या दाराशी ती झाडत होती. केस पांढरे झालेले. वाटलं, तोंड फिरवेल. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्या मुलीबद्दल विचारलं, "साब, बिटिया को ब्याह हो गओ?"

"हो गया," म्हणालो.

आजूबाजूला कुणी नव्हतं. बोलता आलं असतं. ती उभीच होती — वाट बघत होती की नुसतीच, कोण जाणे. मी घड्याळात पाहिलं आणि गाडीत जाऊन बसलो.