साखळीपासून दारापर्यंत

गोदाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी, पाण्याच्या टँकरसाठी साखळीचं कुलूप काढत उभा होतो. फोन तिच्या लेकीचा, लताचा. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाली. मागून टँकरवाला हॉर्न वाजवत होता. मी आधी साखळी खाली सोडली, टँकर आत जाऊ दिला, आणि मग रडलो. हा क्रम आठवला की दीड महिन्यानंतरही स्वतःची शिसारी येते.

अक्का माझी चुलतबहीण, दहा वर्षांनी मोठी. पैठणकडं आमच्या घरी मेंढरं होती. तिचं बालपण त्यांच्यामागं चालण्यात गेलं. पुढं ती नर्स झाली, शहरात मुकुंदवाडीच्या मागं आमच्याच कॉलनीत घर बांधलं, पण चालणं सुटलं नाही. ड्यूटीला सिटी बस, बाकी सगळीकडं पायी. शहर फुगत गेलं. मोठा रस्ता रुंद करताना कडुनिंब तोडले, आणि गर्दी चुकवणाऱ्या गाड्या आमच्या गल्लीतून सुसाट जायला लागल्या. शेजारच्या एका बाईला धडक बसली, त्या दिवशी अक्का प्लास्टिकची खुर्ची टाकून गल्लीच्या मधोमध बसली. "आता मला तुडवून जा," म्हणाली. तिच्याच हट्टानं गल्ली वाहनांना बंद झाली, तोंडाशी साखळी आली. सगळे गाड्या बाहेरच्या मैदानात लावायला लागले. दुष्काळातल्या उन्हाळ्यांतही धुण्याभांड्यांचं पाणी घालून तिनं दोन्ही बाजूंची झाडं जगवली. लोक गल्ली बघायला यायचे, आमचे फोटो छापून यायचे. गल्लीच्या समितीचा सचिव मी. कष्ट तिचे, मिरवलो मी.

मग तिच्या किडन्या गेल्या... आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यात गुडघे आधीच झिजलेले. रिक्षावाले सलीमभाई तिला न्यायचे-आणायचे, पण साखळीपाशी उतरवावं लागायचं. तिचं दार गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. डायलिसिसहून येणारं माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखं असतं. त्या अवस्थेत ती भर उन्हात भिंती धरत चालायची. शेवटी तिनं समितीला अर्ज दिला, आठवड्यातले ते दोन दिवस रिक्षा दारापर्यंत येऊ द्या.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "एकीला सोडलं की उद्या सगळेच आजारी पडतील." लोक हसले. मीही हसलो. नकाराचं पत्र मीच लिहिलं, त्यात 'पर्यावरणपूरक जीवनशैली' असे शब्द घातले, आणि स्वतः नेऊन दिलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं.

"अक्षर लई चांगलं हाय रं तुझं, नामा."

"अक्का, नियम तुझाच आहे ना?"

"व्हय, माझाच. गाड्या बंद करा म्हणले होते मी. मला बंद करा म्हणले नव्हते."

मी चहा न घेताच उठलो.

एप्रिलातली ती दुपार. टँकरसाठी मी साखळी काढली होती, तेवढ्यात मागं सलीमभाईंची रिक्षा येऊन थांबली. "साब, इसके पीछे मैं बी लेतूँ अंदर, अक्का को चक्कर आ रई," ते म्हणाले. अक्कानं डोकं बाहेर काढलं. "पाण्यासंगं मलाबी आत सोड की, नामा." समोरच्या गॅलरीत दोघंतिघं उभे होते. मी म्हणालो, नको अक्का, लोक बघतायत. टँकर आत गेला, मी साखळी लावली. अक्का उतरली, चालायला लागली आणि निम्म्या वाटेत कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर तिला न्यायला रुग्णवाहिका थेट दाराशी यायची. नियमात रुग्णवाहिकेला वाट होती, रुग्णाला नव्हती. पाऊस लागायच्या आतच ती गेली.

शोकसभेत अध्यक्ष रडले. गल्लीला अक्काचं नाव देऊ, मोठा बोर्ड लावू, म्हणाले. लता उठली. "बोर्ड नको. आई रिक्षा मागत होती." मग कुणीच कुणाकडं बघेना. आजारी माणसाच्या रिक्षेला परवानगीचा ठराव तिथंच झाला, चहा यायच्या आत. वर्षभर जे जमत नव्हतं ते इतकं सोपं होतं!

आणि या ठरावाचा पहिला लाभार्थी कोण? मीच. गेल्या आठवड्यात पाय मुरगळून प्लास्टर घातलं. रिक्षा सलीमभाईंचीच निघाली. साखळी ओलांडली आणि मी बूड सावरून बसतो न बसतो तोच अक्काचं दार आलं. मी थांबायला सांगितलं.

तिच्या ओट्याच्या खांबावर, छातीच्या उंचीला, तळहाताएवढा तेलकट काळा डाग आहे. घरी पोचली की पायरी चढायच्या आधी ती तिथं हात टेकून उभी राहायची, दम परत येईपर्यंत. लता ओटा रोज धुते, डाग मात्र पुसत नाही. मी रिक्षेतून हात पुढं केला... आणि तसाच मागं घेतला.