एलोफची हार्पा आणि धारेतला सैतान

माझा भाऊ एलोफ म्हणे सैतानाचा शागीर्द! सेफ्स्ट्रम उपदेशकाच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मी हातातलं कॉफीचं भांडं चुलीवर आपटलं. एलोफनं आयुष्यभर रानात लाकडं धुमसवून कोळसा पाडला आणि उप्पलांडातल्या आमच्या गावातल्या निदान चाळीस वधूंना वाजवत चर्चपर्यंत नेलं. हार्पा घेऊन वधूच्या पुढे चालायचं, हे त्याचं काम. हार्पा गजानं वाजते, सारंगीच्या नात्यातली, पण बोटं तारांवर नाहीत, लाकडी चाव्यांवर पडतात. तिच्या तरफेच्या तारा, म्हणजे गज न लावताच वाजणाऱ्या, अशा घुमतात की घोडासुद्धा कान टवकारतो.

आता चूक त्याचीही होती, ते मी लपवत नाही. आमच्याकडे हार्पावाला म्हटला की त्याची एक तरी चाल गिरणीखालच्या धारेतल्या सैतानाकडून शिकलेली असावी लागते. काळं कोकरू धारेत सोडायचं, मग तो पाण्यातून वर येतो आणि बोटं धरून शिकवतो. असं सांगितल्याशिवाय लग्नाला कोणी बोलावतच नाही, म्हणून सगळेच सांगतात. एलोफनंही वधूपुढे वाजवायच्या चालीबद्दल तीस वर्षं हेच सांगितलं, रंगवून रंगवून. खरं तर ती चाल आमची आई दूध काढताना गुणगुणायची. आणि कोकरू कुठलं? आमच्या घरी कोंबड्यांचीही मारामार होती.

मग गावात 'वाचक' वाढले. घरोघर जमून बायबल वाचणाऱ्यांना आम्ही तसं म्हणतो. दारू बंद केली त्यांनी, ते बरंच झालं. पण नाच बंद आणि वाद्यं चुलीत, हे कुठलं? एलोफची एकुलती एक लेक हेड्डा नेमकी त्यांच्यातल्याच गिडियनच्या प्रेमात पडली. पोरगा कष्टाळू आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच्या बापानं अट घातली, सैतानाची हार्पा जाळा, मगच लग्न.

एलोफला जन्मात एकच गोष्ट हवी होती. इतक्या परक्या पोरींपुढे वाजवलं, एकदा आपल्या पोरीपुढे वाजवत जायचं. तो टोपी हातात घेऊन वाचकांच्या त्या उपदेशकाकडे, सेफ्स्ट्रमकडे गेला. मीही सोबत गेले.

"ती चाल आमच्या आईची आहे," एलोफ म्हणाला. "सैतानाचं मी आपलं ठोकून दिलं होतं."

"तीस वर्षं खोटं बोललास?"

"सगळेच बोलतात हो."

"मग आता खरं बोलतोयस कशावरून?"

साक्षीला गावातला म्हातारा येर्केर आणला. त्यानं तर सत्यानाश केला. "खोटं कसलं? ते कोकरू मी या डोळ्यांनी पाहिलंय!" छाती फुगवून म्हणाला. "शेजारच्या गावात आहे का असा कोणी, प्रत्यक्ष सैतानानं शिकवलेला?" गावाचा अभिमान नडला, दुसरं काय.

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना चर्चमध्ये ओढत नेलं. तिथं कमानीवर जुन्या काळचं चित्र आहे. देवदूत हार्पा वाजवतोय आणि शेजारी शेपटीवाला सैतान दोन्ही कानांत बोटं घालून बसलाय.

"बघा वर," मी म्हटलं. "वाजवणारा कोण आणि ज्याला ऐकवत नाही तो कोण? तुम्ही यातले कुठले, उपदेशकसाहेब?"

एलोफनं माझी बाही ओढली. सेफ्स्ट्रम लालबुंद होऊन निघून गेला. त्याच दिवशी गिडियनच्या बापाचा निरोप आला, शनिवारपर्यंत जाळा, नाहीतर सोयरीक मोडली. माझ्या जिभेनं काम बिघडवलं, हे मला कळतं. पण त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही.

"अरे, माळ्यावरची मोडकी हार्पा जाळ," मी एलोफला सुचवलं. "त्यांना काय कळतंय?"

"हेड्डाला कळेल. हार्पा जाळू, असा तिनं त्यांना शब्द दिलाय."

हेड्डा रडत होती. "बाबा, तुम्ही नाही म्हणा, मी नाही करत लग्न."

"वेडी आहेस का?" एवढंच तो म्हणाला.

शनिवारी दुपारी अंगणात त्यानं हार्पा जाळली. वाचक भजनं म्हणत उभे होते. कोळशासाठी आग दिवसचे दिवस धुमसत ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला ती लवकर संपवायची होती. वाळकी ढलपी घालत राहिला. एकेक तार तुटली तसा प्रत्येकीचा आवाज झाला.

लग्नाची मिरवणूक मुकाट निघायची होती, तसं सेफ्स्ट्रमनं बजावलंच होतं. तरी एलोफ वधूच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"आता आणखी काय आणलंय?" गिडियनचा बाप खेकसला.

एलोफनं दोन्ही हात उघडून दाखवले आणि चालू लागला, आईच्या त्या चालीच्या ठेक्यात. दोन पावलं, जरा थांबणं, मग एक पाऊल. हेड्डानं तोच ठेका धरला. मग येर्केरनं, मग गिरणीवाल्याच्या बायकोनं, मग तो कधीकाळी ज्यांच्या पुढे चालला होता त्या सगळ्या बायकांनी. गिडियनही बिचारा चुकत चुकत पाऊल जुळवू लागला. कुणाच्या तोंडून सूर नाही, पण अख्खं गाव त्या चालीवर चाललं होतं.

सेफ्स्ट्रम चर्चच्या दारात उभा होता. "हे जाळा आता!" मी त्याच्या तोंडावर म्हटलं आणि आत गेले.