एकाच्या आधीचा आकडा

खणात वाळलेला मार्कर सापडला, अन् रायपूर नुकतं राजधानी झालं तेव्हाचं तिथल्या तेलीबांधा भागातलं आमचं ऑफिस आठवलं. झेंडूच्या हारांचा वास दरवळत होता. मंत्री आमच्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन करायला निघाले होते. पण त्यातून रेशनकार्डावर अजून भलतीच नावं छापून येत होती, म्हणून मी याच मार्करनं सीडीवर आवृत्तीचा आकडा लिहिला, ‘०.९’. नागपूरकडचे आमचे साहेब उखडले, “मंत्र्याच्या हातात झिरो देतं का? एक लिही!” म्हटलं, “एक म्हणजे काम पूर्ण झालं, सर. लोकायले दुसऱ्याच्या नावाचं कार्ड देऊन राहिलो, अन् एक काहून लिहू?” त्यांनी मार्करसाठी हात पुढे केला. मी तो पर्समध्ये टाकून चेन लावली. नारळ फुटला तो ०.९ पुढंच. मार्कर आता वाळला, पण खोटा एक त्यानं शेवटपर्यंत लिहिला नाही.