मागच्या एक्सलचे त्रेचाळीस दात

माझ्या थोरल्या साडूंइतका चोखंदळ माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्या हातून घडली म्हणून आमच्या नात्यागोत्यात जी एकमेव चूक सांगितली जाते, ती खरं तर माझी आहे. हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही.

साडू लातूरला बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतात. रेणापूरजवळच्या त्यांच्या शेतातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलसुद्धा रुततो, म्हणून त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तिला कोणते एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारे आस, बसवावेत याचा सात वर्षं विचार केला. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तसे ते एक्सल बघत. हा फार जड, तो मजबूत पण त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, तिसरा सर्वगुणसंपन्न पण जीपपेक्षा वीतभर रुंद. सगळ्या नोंदी एका वहीत. लग्नकार्यात ते मांडवात कमी आणि पाहुण्यांच्या गाड्यांखाली जास्त असत. मुखेडच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ते नवरदेवाच्या गाडीखाली उताणे पडलेले होते. अक्षता त्यांनी तिथूनच उडवल्या आणि त्या त्यांच्याच डोळ्यांत गेल्या. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, एकदा वैतागून म्हणाल्या, "मला तर एका दुपारीत पसंत केलं होतं!" साडू शांतपणे म्हणाले, "तवा मला अनुभव नव्हता." पण त्यांच्या शब्दाला वजन होतं. ट्रॅक्टर घेणारे लोक दुरून फोन करून त्यांचा सल्ला घेत.

पुढचा एक्सल ठरला आणि त्याला जुळणारा मागचा नांदेडच्या भंगार बाजारात असल्याचं कळलं. मी नांदेडचाच. साडूंचा फोन आला, "साडूभाऊ, झाकण काढून आतले दात मोजा. मोठ्या चक्राला त्रेचाळीस पाहिजेत, लहान्याला आठ. पुढचं-मागचं जुळलं न्हाई, तर चारी चाकं ओढायला लागल्यावर गाडी आपसातच भांडती." मी एका साखरपुड्याला जाता जाता त्या दुकानात शिरलो होतो, अंगात पांढराशुभ्र सदरा, आणि झाकणाच्या फटीतून काळं तेल ठिबकत होतं. दुकानदार म्हणाला, "अजी साब, गिनते काय कू? वोइच माल है!" मी साडूंना कळवलं, "त्रेचाळीस आणि आठ. दोनदा मोजले."

बसवताना मिस्त्री म्हणाला, एकदा उघडून बघू. साडूंनी त्यालाच झापलं. "साडूभाऊंनी दोनदा मोजलेत!"

शेताजवळच्या मुरमाड चढावर नारळ फुटला. विद्यार्थी जमले, गावकरी जमले, मी पेढे वाटत होतो. साडूंनी चारी चाकांना ताकद देणारा दांडा ओढला, जीप चार हात चढली, मग हीव भरल्यासारखी थरथरली आणि खालून असा कडाड आवाज आला की झाडावरचे बगळे उडाले. गिअरबॉक्स फुटला होता. मिस्त्रीनं तिथंच मागचं झाकण काढून मोजलं. "सर, हे तर एकोणचाळीस हायत." साडूंनी चष्मा पुसला, वही उघडली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "साडूभाऊंनी एकोणचाळीसच सांगितलं असणार. माझ्या मनात त्रेचाळीस होतं, मीच तसं लिहून बसलो."

माझ्या तोंडात पेढा होता. मी तो गिळला आणि पेढ्यांचा डबा बंद केला.

तेव्हापासून अक्का त्यांना रोज भिजवलेले बदाम देऊ लागल्या. वही माळ्यावर गेली. कुणी सल्ल्यासाठी फोन केला तर साडू म्हणत, "दुसऱ्याला इचारा, माझ्या डोक्याचा भरवसा न्हाई राहिला." मी दर भेटीला आज सांगू म्हणायचो आणि चहा पिऊन परत यायचो. मग परवा अक्कांनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, की ते शिकवणं सोडणार आहेत; पोरांना चुकीचं काही शिकवलं तर, म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लातूरची एसटी धरली.

साडू अंगणात ताडपत्रीखालच्या जीपकडे पाठ करून बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, "तुमची वही बरोबर होती. मी त्रेचाळीसच सांगितलं होतं. दात मी मोजलेच नव्हते."

ते एकदम ओरडले, "अगं ये बाहेर! माझं डोकं शाबूत हाय!" इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर जीप घेतली त्या दिवशीही पाहिला नव्हता. मग तो हळूहळू ओसरला. हलक्या आवाजात ते म्हणाले, "मग वर्षभर बोलला का न्हाईत, साडूभाऊ?"

मी म्हणालो, "मोजलं नाही, ते चुकलं. पण तुम्ही स्वतःला दोष देत होता आणि मी समोर बसून ऐकत होतो, ते फार चुकलं. मला माफ करा."