नारंगी गेलं, पिवळं गेलं

रविवार उजाडला की शहरातल्या माणसांना जंगलाची ओढ लागते आणि मला माझे गुडघे आठवतात. मी छत्रपती संभाजीनगरला बँकेत आहे, पन्नाशी ओलांडली आहे, आणि पावसाळा सरता सरता हौशी मंडळींना कन्नडच्या पलीकडच्या डोंगरात गुहा बघायला नेण्याचं खूळ मी कुठल्या मुहूर्तावर अंगाला लावून घेतलं कोण जाणे. आता ते सुटत नाही. खरं सांगायचं तर त्या डोंगरात मला नवीन बघण्यासारखं काही उरलेलंही नाही. पण तिथं त्रिंबकमामा आहे. त्याला भेटलो की आपल्यापेक्षा दमलेला माणूस जगात आहे, एवढं तरी समाधान मिळतं.

त्रिंबकमामा आमचा वाटाड्या. धनगराचा माणूस, साठी कधीच मागे पडलेली. बापाच्या वेळची मेंढरं गेली, आता कुडाच्या वाड्यात थोड्या शेळ्या आहेत आणि घरात बायको म्हाळसाबाई. मुलगा वाळूजला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. मामा खांद्यावर घोंगडी टाकून पुढे चालतो, थोडं चढलं की काठीवर हनुवटी टेकून उभा राहतो आणि म्हणतो, "बसा जरा. डोंगर कुठं पळून नाय जाऊ राह्यला." मंडळींना वाटतं आपल्यासाठी थांबला. थांबतो तो स्वतःसाठी.

आम्ही जातो त्या जागेला तो चुनकपार म्हणतो. आपल्या भागात सगळा काळा दगड. पण या कपारीत कुठूनसं पाणी चुना घेऊन झिरपतं. आत वाकून गेलं की छताला पांढरे सुळके लटकलेले दिसतात, खाली भिंतीवर थिजलेल्या सायीसारखे थर. एकदा आमच्यातल्या एका तंबाखूवाल्या साहेबांनी तो चुना चाटून पाहिला होता. दिवसभर थुंकत होते. बाहेरच्या दगडांचे आकार हा आणखी एक ताप. कुणाला उंट दिसतो, कुणाला गणपती. सगळे मामाला विचारतात, "हे काय आहे हो?" मामा म्हणतो, "तुमाला काय दिसतं? तेच हाय ते." आणि पुढे चालू लागतो.

या माणसाची एक रीत होती. त्याच्या घरात जनावरं मोजत नाहीत. मोजलं की कळपाला नजर लागते, असं त्यांच्याकडे धरतात. संध्याकाळी शेळ्या आत जाताना हा दाराशी उभा राहून नुसतं बघतो. कानावर पांढरं असलेली गेली, तुटक्या शिंगाची गेली, तांबडी गेली. आणि एखादी राहिली असेल तर डोळ्यांना ते आपोआप खटकतं. माणसांचंही तो तसंच करायचा. मी पहिल्या वर्षी कपारीच्या तोंडाशी मोठ्यानं डोकी मोजू लागलो तर चक्क माझा हात धरला. "मोजू नका सर. मी बघतो ना." आणि खरोखर बघायचा. निळी टोपी, लाल पिशवी, चष्म्याचं पोरगं. त्याचा कधी एकही माणूस मागे राहिला नाही, म्हणून मग मीही मोजायचं सोडलं. शहाण्यानं अशा ठिकाणी एवढा विश्वास टाकू नये, पण मामाच्या नजरेवर टाकावा असंच होतं.

त्या रविवारी आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा म्हाळसाबाई दारातच उभ्या होत्या. मामा चपलेत पाय घालायला चाचपडत होता. "आज नका जाऊ," त्या त्याला म्हणाल्या, "चेहरा बघा कसा उतरलाय." मामा म्हणाला, "लोकं आल्येत ना शहरातून. मी नाय म्हणलो तर कोन नेईल त्यांना?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शर्टातच लपावंसं वाटलं. पण जीप उभी होती, मंडळींनी बूट बांधले होते. ओढ्यापर्यंत जीपनं गेलो, तिथून पायी निघालो.

त्या दिवशी कॉलेजची पोरंपोरी जास्त होती. त्यात दोघी मैत्रिणी, संस्कृती आणि सृष्टी. संस्कृतीच्या अंगात लांबून डोळ्यात भरणारा नारंगी रेनकोट. सृष्टी मात्र लग्नाला निघाल्यासारखी पिवळी ओढणी डोक्याला बांधून आलेली, पावसाचं काहीच बरोबर नाही. मामानं वाटेला लागताना सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मी जवळच होतो. तो पुटपुटला, "एक नारंगी, एक पिवळं." मला हसू आलं. पोरींच्या नावांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

कपारीत सगळे आत गेले, फोटो काढले, ओरडून प्रतिध्वनी ऐकले. बाहेर सर आली आणि आत गारठा वाढला, तशी मंडळी निघायची घाई करू लागली. मी पुढच्यांना घेऊन उतरायला लागलो. मामा नेहमीसारखा तोंडाशी उभा राहिला, एकेकाला नजरेखालून घालत. शेवटचा घोळका बाहेर पडला तसा तोही मागोमाग निघाला.

खाली ओढ्याजवळ जीपपाशी आलो. चहाचा थर्मास उघडला. तेवढ्यात सृष्टी माझ्याकडे आली. "सर, संस्कृती तुमच्याबरोबर पुढे आली ना?"

"माझ्याबरोबर? नाही."

"मग मामांबरोबर मागे असेल."

मामा तेव्हा पोचत होता. मी ओरडूनच विचारलं, "मामा, संस्कृती कुठंय? नारंगी कोटवाली?"

"आली की," तो म्हणाला. "माझ्याम्होरून गेली. नारंगी गेलं, पिवळं गेलं. दोघी लगोलग."

सृष्टी त्याच्यासमोर उभी होती. तिच्या अंगात नारंगी रेनकोट होता आणि वरून गळ्याभोवती गुंडाळलेली पिवळी ओढणी. "मला थंडी वाजत होती," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तिनं मला कोट दिला. ती आतल्या खोलीत फोटो काढत होती. मला वाटलं ती पुढे गेली."

मामा तिच्याजवळ गेला. अगदी जवळ, एवढा की पोरगी मागे सरली. त्यानं हात पुढे करून आधी कोटाची बाही चाचपली, मग ओढणीचा पदर. दोन्ही एकाच अंगावर. तो वळला आणि चढाला लागला.

मी त्याच्या मागे. इतरांना खालीच थांबवलं. वाट निसरडी झाली होती. कपारीच्या आतल्या खोलीत, मागच्या अंगाला, एक खड्डा आहे, फार खोल नाही, पण अंधारात पाय गेला तर माणूस मोडायला पुरेसा आहे. सबंध वाट मला तेवढा एकच खड्डा दिसत होता. मामा एकदाही थांबला नाही. त्याच्या छातीचा भाता मला मागून ऐकू येत होता. "बसा जरा," मीच म्हणालो. त्यानं नुसती मान हलवली.

तोंडाशी येऊन त्यानं हाळी दिली. हरवलेल्या जनावराला देतात तशी, लांब, घशातून ओढलेली. आतून आवाज आला, "इथंय मी!"

"हलू नको माय! बसून ऱ्हा, मी आलो!"

माझ्या बॅटरीच्या उजेडात आम्हाला ती दिसली. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, ओठ निळे पडलेले. मोबाइल बंद पडला तशी शहाणी मुलगी जागची हलली नव्हती. खड्डा तिच्यापासून हाताच्या अंतरावर होता. मामानं अंगावरची घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली. तिला बाहेर उजेडात आणलं. मग ती एकदम रडायला लागली आणि रडता रडता संतापली.

"तुम्ही मला मोजलं का नाही?" ती मामाला म्हणाली. "कुणीच कसं मोजलं नाही? मी हाका मारत होते!"

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, पण त्या पोरीच्या प्रश्नापुढे ते इतकं फोल वाटलं की अर्ध्यात सोडून दिलं.

बाकीच्यांना जीपनं कन्नडला पाठवलं आणि मी मामाबरोबर वस्तीवर गेलो. जीप मला न्यायला परत येणार होती. वाटेत तो एवढंच म्हणाला, "दमलो सर." हे तो दर रविवारी म्हणायचा. त्या दिवशी मला ते ऐकवेना.

म्हाळसाबाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि चुलीवर चहा ठेवला. मी बाजेवर बसलो. दिवस कलला होता. शेळ्या चरून परत आल्या आणि कुडाच्या दाराशी दाटी करू लागल्या. मामा उठून दाराशी जाऊन उभा राहिला. रोजचंच काम. पण त्या दिवशी त्यानं दार पुरतं उघडलं नाही. एकच शेळी शिरेल एवढी फट ठेवली आणि तिच्यात हात आडवा धरला. पहिली शेळी आत जाताना त्यानं तिच्या पाठीवर तळवा टेकवला.

"एक," तो म्हणाला.

चुलीपाशी म्हाळसाबाई ताडकन वळल्या. "अवं, काय करू राह्यले तुम्ही?"

"दोन."

"पोरंबाळंवाल्या घरात मोजता व्हय? कामून? येड लागलं का?" बाई तरातरा दाराशी आल्या. चिडल्या होत्या, पण चिडण्याखाली खरीखुरी भीती होती. त्यांनी त्याचं मनगट धरलं. "तुमच्या बापानं नाय मोजलं, तुमी नाय मोजलं. आजच काय झालं?"

मामानं हात सोडवून घेतला नाही. शेळ्या दाटीवाटीनं ओरडत होत्या. तो बायकोकडे तोंड करून म्हणाला, "मला दिसत नाय आता, म्हाळसा. लई दिवस झाले. रंग दिसत्यात, माणूस दिसत नाय. एक पोर आत राहिली होती आज."

मला वाटलं, बाई आता म्हणतील, मी सकाळीच सांगत होते. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. चुलीवरचा चहा उतू गेला, त्याचा वास आला, तरी हलल्या नाहीत. मग त्यांनी नवऱ्याचं मनगट सोडलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

तांबडी शेळी फटीतून आत घुसली. मामाचा हात तिच्यापर्यंत पोचायच्या आत म्हाळसाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तीन," त्या म्हणाल्या.